राखेतला पहिला नंबर

ऊर्जानगरात आजही सकाळी स्कूटरच्या सीटवर वीज केंद्राची राख साचलेली असते. ती पुसताना नव्वदच्या दशकातली एक संध्याकाळ आठवते. दादानं याच राखेत बोटानं जगातल्या मिडलवेट बॉक्सरांचे नंबर लावले होते.

बाबा म्हणाले, “दुसऱ्या नंबरवाल्याले वर घे. त्याले कोणाचा ठोसा लागतच नाई.”

“मार चुकवते तो काऊन मोठा? माझा पहिल्या नंबरवाला मार खाऊन बी पडत नाई.”

दादाही तसाच लढायचा, ठोसे डोक्यावर झेलत. बाबा त्याच्या सुजलेल्या भुवईकडे पाहत राहिले. मला मात्र दादाचंच पटलं होतं.

आज पन्नाशीतला दादा शेजारी उभा होता. मी राखेत ते पहिलं नाव लिहिलं. त्यानं ते सावकाश वाचलं.

“कोण होय हा?”