तात्यांनी जमवलेल्या मिशा

तात्या संगणकावरच्या माणसांशी अहो-जाहो करून बोलत. पडद्यावर एखादे आबा असत, आठवड्यापूर्वी वारलेले, आणि तात्या माउस हलवत म्हणत, "आबा, मान जरा वर घेतो तुमची. आन् ही कॉलर सरळ करू का?" समोर स्टुलावर बसलेले घरचे लोक आधी चपापत, मग तेही त्यात सामील होत. "तात्या, वरचं बटण उघडंच ठेवा. त्यांना गळ्याशी आवळलेलं सोसायचं न्हाई." तात्या बटण उघडत आणि पडद्याकडे बघून विचारत, "आता बरं वाटतंय का?"

शिरूरच्या बाजारपेठेत त्यांचं फोटोचं दुकान होतं. बी.कॉम. होऊन मी घरी बसले होते. आईने मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि सांगितलं, "इंग्लिश मीडियमची आहे, पण बोलत नाही." तात्या म्हणाले, "माझं निम्मं गिऱ्हाईक बी बोलत न्हाई. चालंल."

हे निम्मं गिऱ्हाईक म्हणजे दशक्रियेचे फोटो. आसपासच्या गावांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा आयुष्यात एकच फोटो निघालेला असतो, आधार कार्डावरचा. चेहरा काळवंडलेला, डोळे दचकलेले, मिशीच्या जागी नुसता डाग. त्या नखाएवढ्या फोटोतून भिंतीवर लावण्याजोगा माणूस उभा करायचा, ही तात्यांची विद्या. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याही आकाराचा ब्रश बनवून ठेवता येतो आणि मग तोच आकार दुसरीकडे काढता येतो. तात्यांनी अकरा वर्षांत असे ब्रश जमवले होते, खऱ्या माणसांवरून. वढूच्या एका पैलवानाची मिशी होती, न्हावऱ्याच्या एका मास्तरांची होती, 'एसटी कंडक्टर, बारीक' अशी एक होती. कुंकवाचे तीन आकार होते. स्वतः बनवलेल्या एका बटणाला त्यांनी 'आधारवाली आजी' असं नाव दिलं होतं. ते दाबलं की कार्डावरच्या कुठल्याही आजींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड यायचा.

सुरकुत्या मात्र पुसत नसत. एकदा एका मुलाने आग्रह धरला, आईला जरा तरुण करा. तात्या म्हणाले, "करतो की. पण मग तुझी पोरं इचारतील, ही कोण बाई?"

तात्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. रोज सकाळी पडद्यावर संगणकाच्या अपडेटची निळी पाटी यायची. तिच्यावरचं 'नंतर'चं बटण त्यांना जागेवरून ठाऊक होतं. "आज नको गं बाई, उद्या बघू," म्हणत ते दाबून मोकळे व्हायचे. दुसरं काही इंग्रजी उमटलं की मला हाक यायची. "काय म्हणतंय बघ गं." मी जाऊन वाचायचे. शाळेत शिकलेलं इंग्रजी वेगळं आणि संगणकाचं वेगळं. निम्म्या वेळा मला काही कळायचं नाही. पण कळलं नाही असं म्हणणं मला कधी जमलं नाही. घरी, शेजारी, सगळीकडे 'इंग्लिश शाळेतली' एवढीच माझी ओळख होती. मी चेहरा शांत ठेवून म्हणायचे, "काही नाही तात्या, ओके दाबा." आणि ते दाबायचे.

त्या दुपारी ते शिक्रापूरला एका कंपनीतल्या पूजेचे फोटो काढायला गेले होते. दुकानात मी होते आणि सासऱ्यांचा फोटो करून घ्यायला आलेल्या एक बाई होत्या. दोन दिवसांनी दशक्रिया होती. तेवढ्यात ती निळी पाटी पुन्हा आली. बाई वाकून बघत म्हणाल्या, "काय लिव्हलंय गं? तुला येत असंल की, इंग्लिश शाळंची ना तू?" त्यांच्यासमोर 'नंतर' दाबणं मला हरल्यासारखं वाटलं. मी 'आत्ता' दाबलं.

तासाभराने संगणक पुन्हा सुरू झाला. फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं, त्याचं नाव झळकलं आणि ते लगेच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. बाई "बाजार करून येते" म्हणून उठल्या. मी फोनवर शोधायला लागले. कोणीतरी इंग्रजीत उपाय लिहिला होता: सुरू करताना तीन कळा एकदम दाबून धरा, सेटिंग पुसायची का असं विचारलं जाईल, होय म्हणा. तसंच विचारलं गेलं. मी होय म्हटलं.

सॉफ्टवेअर उघडलं. मला इतका आनंद झाला की उजवीकडे ब्रश मांडलेल्या रकान्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मग गेलं. तिथे कंपनीने दिलेले गोल गोल ब्रश होते. पैलवान, मास्तर, कंडक्टर, आजी, कोणीही नव्हतं.

तात्या परतले तेव्हा मी म्हणाले, "तात्या, अपडेट आपोआप झालं. त्यानंतर हे असं दिसतंय."

ते खुर्चीत बसले. रकाना वर-खाली सरकवून पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "सकाळी घाईत मीच कायतरी चुकीचं दाबलं असंल." मी प्रिंट कापायला कात्री उचलली. एक वाक्य पुरलं असतं.

त्या बाईंच्या सासऱ्यांची मिशी त्यांनी एकेक केस काढून पूर्ण केली. पुढचे बारा दिवस ते तसेच काम करत राहिले. जे काम पाऊण तासात व्हायचं त्याला अख्खी दुपार जायला लागली. उशीर झाला म्हणून कोणी कुरकुर केली तर ते सांगत, "माझ्याच हातून पुसलं गेलं हो. वय झालं." मी बाजूला बसून प्रिंट कापत असे.

तेराव्या दिवशी दौंडहून त्यांचे जावई आले. ते संगणक दुरुस्तीच करतात. बराच वेळ तपासून म्हणाले, "मामा, हे त्याच दिवशी सांगायचं. पुसलेलं लगेच जात न्हाई, परत काढता येतं. पण तुम्ही त्याच्यावर रोज नवीन काम करत बसला, ते सगळं जुन्याच्या जागेवर जाऊन बसलं." मग म्हणाले, "आन् हे आपोआप व्हत न्हाई. ते आधी इचारतं."

"मीच व्हय म्हटलं असंल," तात्या म्हणाले. "मला कुठं इंग्लिश कळतंय?"

मी कात्री चालवत राहिले. महिनाभरात शिक्रापूरच्या एका ऑफिसात नोकरी मिळाल्याचं सांगून मी काम सोडलं. नोकरी खरी होती, पण तेव्हाच घेण्याची काही गरज नव्हती. वर्षभरात तात्यांनी दुकान बंद केलं आणि ते दौंडला लेकीकडे राहायला गेले. डोळे थकले होते, लोकही फोनवरच फोटो करून घ्यायला लागले होते. कारणं बरीच होती. मी ती मनात पुष्कळदा मोजली आहेत.

दोन वर्षांनी एका रविवारी मी दौंडला गेले. न्हावरा, चौफुला, पाटस, पूर्ण रस्ताभर वाक्य जुळवत होते. तात्या ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. निळी पाटी, तीन कळा, होय.

"बस आधी," ते म्हणाले. "मला त्याच दिशी कळलं हुतं. ती पाटी इचारल्याबिगर काय करत न्हाई."

"मग विचारलं का नाही?"

"इचारलं असतं तर तू परत खोटं बोलली असतीस. एकदा बोललीस तेवढंच मला जड गेलं." ते रस्त्याकडे बघत होते. "मिशांचं काय, काढल्या असत्या परत. तुला माझं भ्या वाटतं, ह्ये न्हवतं मला ठाव."

मला म्हणायचं होतं की भीती त्यांची नव्हती. तेही जमलं नाही. लेकीने चहा आणला. निघताना ते म्हणाले, जावयाने जुना लॅपटॉप दिलाय, एक दिवस ये, दोघं बसून थोड्या मिशा करू. मी म्हणाले, "येते."

पुढच्या रविवारी जायचं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. मोकळं झाल्यासारखं वाटत होतं, आणि मोकळं वाटल्यावर माणसाला घाई राहत नाही.

उन्हाळ्यात तात्या गेले. मला महिन्याने कळलं. मी जावयांना फोन केला. ते नीट बोलले. बोलता बोलता म्हणाले, तो लॅपटॉप मामांनी नातीला कधी उघडू दिला नाही. शिरूरची पोरगी यायची हाय, म्हणायचे, तिचं काम हाय त्याच्यावर.