मेयरचं पथ्य

अर्डिस हॅल्व्हरसनच्या हातचं न जेवलेला माणूस आमच्या गावात शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली. बँकेतला कॅशियर, बर्फ सारणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, शेरीफचा डेप्युटी, सगळे कधी ना कधी तिच्यापुढे ट्रे धरून उभे राहिलेले. "ज्याला हवंय त्यानं रांगेत यायचं! जागेवर काही मिळणार नाही!" ही तिची आरोळी व्यायामशाळेपर्यंत ऐकू जायची. मात्र रांगेत आलेल्याचा ट्रे जरा रिकामा दिसला की तिचा जीव कासावीस व्हायचा आणि डाव पुन्हा फिरायचा. 'पुरे' हा शब्द तिला ऐकू यायचा, पण तिनं तो कधी मनावर घेतला नाही.

मग ती निवृत्त झाली. त्याच वर्षी तिचा नवरा लोवेल गेला. मुलगी दूर अ‍ॅरिझोनात. अर्डिस एकटीसाठी चौघांचं रांधायची आणि उरलेलं शेजाऱ्यांच्या दारात ठेवून यायची. शेजारी लठ्ठ व्हायला लागले, तेव्हा त्यांच्यातल्याच कुणीतरी तिला सुचवलं, की बाई, त्या जनावरांच्या आसऱ्यावर जात जा, तिथं खाणारी तोंडं भरपूर आहेत.

हा आसरा माझ्या कुंपणाला लागूनच आहे. कत्तलखान्याच्या वाटेवरून सुटलेली, उपाशी गोठ्यांतून सोडवलेली, कोंबड्यांच्या कारखान्यातून उचललेली जनावरं तिथं शेवटपर्यंत सांभाळतात. पांजरपोळच म्हणा ना. मी व्हर्न झास्ट्रो, पिढ्यान् पिढ्या दूध विकणाऱ्या घरातला. विस्कॉन्सिनसारख्या दुधाच्या मुलखात जन्मून ज्यांना चीज चालत नाही, अशा या आसऱ्यातल्या माणसांबद्दल माझं जे मत होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण गाई विकून टाकल्यावर माझे हात शिवशिवत होते आणि आसऱ्याला खुरं तासायला माणूस हवा होता. एका मंगळवारी गेलो आणि अडकलो. काजूचं चीज मात्र मी अजून गिळू शकत नाही.

मंगळवार हा तपासणीचा वार. त्या दिवशी प्रत्येक जनावर कुणाच्या ना कुणाच्या हाताखालून जायचं. टर्कीच्या तळपायाला गळू असेल तर पट्टी, मेंढ्यांच्या अंगात रक्त कमी तर नाही ना, म्हणून खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, म्हाताऱ्या बैलाचे दात, आणि उन्हाळ्यात डुकरांच्या कानांना सनस्क्रीन. हो, सनस्क्रीन. माझे वडील हे बघायला नाहीत ते एका परीनं बरंच झालं.

डुकरांमधला सगळ्यात मोठा तो मेयर. पिल्लू असताना तो चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी, एका ट्रकातून हायवेवर पडला आणि जीव घेऊन पळत थेट आमच्या गावच्या मिरवणुकीत शिरला. खऱ्या मेयरच्या उघड्या गाडीपुढे तो गावभर धावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या कुणासाठी, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तेव्हापासून त्याचं हे नाव. आता त्याचं वय झालं होतं, तो, छोट्या सोफ्याएवढा झाला होता आणि पुढच्या पायांचे सांधे धरले होते. खुरं तासायची तर त्याला आडवं करावं लागायचं, आणि आडवं करायचं तर कुणीतरी पोट खाजवायचं. ते काम अर्डिसचं. ती पोट खाजवताना त्याच्याशी बोलायची आणि तो डोळे मिटून घुरघुरायचा. लोवेलनं तिचं बोलणं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं, असं तिचंच म्हणणं.

जूनमध्ये आमच्या डॉक्टरीणबाई हायडी कोल्ब यांनी मेयरला पथ्यावर टाकलं आणि पथ्याची जबाबदारी दिली अर्डिसला. मोजून वाढायची सवय दुसऱ्या कुणाला होती? ऑगस्टमध्ये हायडीनं त्याच्या छातीभोवती मापाची फीत गुंडाळली आणि ती फितीकडे बघतच राहिली.

"मिसेस हॅल्व्हरसन, पथ्य नीट चाललंय ना?"

"अगं, मापानं देते. सांगितलंस त्याहून दाणा जास्त नाही."

"मग हा काय हवेवर फुगतोय? चांगला जाड झालाय."

"हाडपेर असेल त्याचं," अर्डिस म्हणाली. "तूही लहानपणी अशीच गुबगुबीत होतीस. आणि गाजरं रुमालात गुंडाळून टाकून द्यायचीस, मला सगळं दिसायचं."

एरवी हायडी हसली असती. त्या दिवशी तिनं बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. "नीट ऐका. वजन उतरलं तर औषधाचा उपयोग आहे. बर्फ पडायच्या आत हा स्वतःच्या ताकदीनं उठून चालायला लागला पाहिजे. बर्फावर एकदा घसरून पडला, तर एवढं धूड आपण कुणीच उचलू शकणार नाही. त्याला तिथं थंडीत तडफडत मी ठेवणार नाही. मग मला इंजेक्शन घेऊन यावं लागेल."

लख्ख असलेली खाण्याची परात अर्डिसनं उगाच पुन्हा पुसली.

त्याच आठवड्यात शनिवारी आमचं महिन्याचं एकत्र जेवण होतं. प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं आणि कोठाराच्या सावलीत लांब टेबलावर मांडायचं. अर्डिसनं खजूर आणि ओटच्या वड्या आणल्या होत्या. आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ताटातला शेवटचा तुकडा आमच्यात कुणी घेत नाही. जीव गेला तरी नाही. वडी एकच उरली की पहिला माणूस सुरीनं तिचा अर्धा भाग घेतो. दुसरा उरलेल्याचा अर्धा घेतो. तिसरा त्याच्या अर्ध्याचा. शेवटी ताटात नखाएवढा कण उरतो आणि तोही कुणीतरी झाकून ठेवतं. चर्चच्या तळघरातल्या सामुदायिक जेवणांत आम्ही हेच शिकलो आणि मरताना बरोबर नेणार.

वडी बोटाच्या पेराएवढी झाली असताना अर्डिस उठून उभी राहिली.

"मला काहीतरी सांगायचंय. मेयरला रोज सकाळी मी दालचिनीचा रोल देते."

कुंपणच शेत खातं म्हणतात, ते आमच्यासमोर ॲप्रन बांधून उभं होतं.

"एकच देते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "माझ्याकडे बघतो ना तो. मला राहवत नाही. आणि आता तो माझ्यामुळे मरणार."

टेबलाच्या टोकाशी कोंबड्या सांभाळणारा डेल घसा खाकरत म्हणाला, "मी... म्हणजे दुपारी एखादं केळं देतो. मला वाटलं, मी एकटाच."

"तू पण?" त्याची बायको म्हणाली. "अरे, मी संध्याकाळी मक्याचं कणीस देते!"

मग धरणच फुटलं. कुणी द्राक्षं, कुणी पाव, कुणी नाश्त्यातला उरलेला पॅनकेक. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच पापी. सगळं ऐकून घेतल्यावर अर्डिस सावकाश हायडीकडे वळली.

"आणि तू गं?"

"मी त्याला औषध देते," हायडी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "औषध कडू असतं. म्हणून बिस्किटातून देते."

"एका बिस्किटातून?"

"...पुड्यातून."

"आणि व्हर्न, तुझ्या कोटाच्या खिशाला सफरचंदांचा वास येतो, तो कुणासाठी? घोड्यासाठी?"

"आपल्याकडे घोडा नाहीये," डेलनं उगाचच माहिती पुरवली. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्डिस मात्र हसत नव्हती. ती ताटातल्या त्या वडीच्या कणाकडे बघत होती. तिनं ताट उचलून सगळ्यांना दाखवलं.

"हे बघा. एका वडीवर आपण अख्खी दुपार काढतो आणि कुणी उपाशी मरत नाही. मेयरचंही असंच करायचं. बंद म्हटलं तर तुम्ही चोरून द्याल. मी तर नक्कीच देईन. म्हणून जे देता ते द्या, पण अर्धं. पुढच्या आठवड्यात त्याच्या अर्धं. आणि त्याच्या तोंडाशी नेऊन द्यायचं नाही. त्याला हवं असेल तर तो येईल."

त्या शरद ऋतूत आम्ही जे केलं ते बघून कुणी आम्हाला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं तरी तक्रार नव्हती. धट्टीकट्टी माणसं द्राक्षाचे चार तुकडे करून एकेक तुकडा कुरणभर पेरत होती. डेलचं केळं नाण्याएवढ्या चकतीवर आलं. माझ्या सफरचंदाची फोड इतकी पातळ झाली की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता आलं असतं. मेयरला हे बिलकुल पसंत नव्हतं. तो किंचाळायचा, परात उलटी करायचा, आणि एकदा त्यानं हायडीची बॅग पळवून बिस्किटांसाठी आतून बाहेरून धुंडाळली. पण तो चालायला लागला. चालेल नाही तर काय करेल, द्राक्षं तिकडे होती.

अर्डिसचे हाल त्याच्याहून जास्त झाले. तो ओरडला की ती तोंड फिरवून उभी राहायची. एकदा ती कोठारामागे रडताना दिसली. "व्हर्न, आयुष्यात मी कुणाला उपाशी परत पाठवलं नाही रे," ती म्हणाली. मी तिला माझा रुमाल दिला. त्यालाही सफरचंदाचा वास होता.

फीत दर मंगळवारी थोडी थोडी सैल होत गेली. पण एक गोष्ट जमत नव्हती. उभं केलं की तो चालायचा, पण उठायला त्याला आम्ही लागायचो. पोटाखालून रुंद पट्टा घालून दोघं दोन्ही बाजूंनी ओढायचो, तेव्हा कुठं सकाळ व्हायची.

मग भोपळ्यांचा शनिवार आला. हॅलोविन झालं की गावातले लोक दारातले कोरलेले भोपळे पिकअपमध्ये घालून आसऱ्यावर आणतात. डोळे, दात, वाकडी नाकं असलेल्या भोपळ्यांचा टेकाडावर डोंगर झाला. मेणबत्तीचं मेण लागलेले आणि रंगवलेले आम्ही बाजूला काढले. बकऱ्या ढिगावर चढल्या. आभाळ खाली उतरलं होतं आणि हवेला बर्फाचा वास होता. हायडीची गाडी फाटकाशी उभी होती. मागच्या सीटवर तिची इंजेक्शनची बॅग होती आणि त्या बाजूला कुणीच बघत नव्हतं.

मेयर खाली, उताराच्या तळाशी, कोठाराच्या दारात पेंढ्यावर पडला होता. वाऱ्यानं त्याला भोपळ्याचा वास नेऊन दिला. त्यानं मान वर केली आणि हाक मारली.

"एक फोड नेऊन दे की त्याला, अर्डिस," डेल म्हणाला. "नाहीतरी आता..." आणि तो तिथंच थांबला.

"नाही," अर्डिस म्हणाली.

तिच्या तोंडून असा साफ नकार मी पहिल्यांदाच ऐकला. पट्टा घेऊन निघालेल्या मलाही तिनं हातानं थांबवलं. मग ती भोपळ्यांपाशी बादली उपडी घालून बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, म्हणजे ते आपणहून काही करणार नाहीत.

मेयर पुढच्या गुडघ्यांवर उठला. मागचा भाग उचलला आणि घसरला. पेंढ्यावर धप्पकन बसला. तो परत उठला, परत बसला, आणि या वेळी त्यानं हनुवटी जमिनीला टेकली. मला तिकडे बघवेना.

तेवढ्यात ती आरोळी आली, शाळेतली, व्यायामशाळेपर्यंत जाणारी. "ज्याला हवंय त्यानं रांगेत यायचं! जागेवर काही मिळणार नाही!"

खरं सांगतो, जमलेल्यांतले निम्मे लोक नकळत ताठ उभे राहिले. आणि खाली मेयरनं पुढचे पाय रोवले, मागचे थरथरत उचलले, एकदा डगमगला आणि उभा राहिला. पट्ट्याशिवाय. मग तो चढ चढू लागला, दमत, थांबत, शिव्या घालत असावा तसा कुरकुरत. वर येऊन त्यानं भोपळ्यांच्या डोंगराकडे बघितलंही नाही. सरळ अर्डिसच्या कुशीत नाक खुपसलं.

तिनं हात मोकळे केले आणि एक भोपळा मधोमध चिरला. अर्धा त्याच्यापुढे ठेवला. तो त्यानं दात, डोळे, नाकासकट संपवला. दुसरा अर्धा तिनं पाठीमागे घेतला.

"मिसेस हॅल्व्हरसन," हायडी बाहीनं नाक पुसत म्हणाली, "आजच्या दिवस अजून थोडं चालेल."

"नाही म्हणजे नाही."

मेयरनं आ वासला आणि असा किंचाळला की बकऱ्या ढिगावरून उड्या टाकून पळाल्या. बर्फाचे पहिले कण त्याच्या पाठीवर पडत होते. अर्डिसच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"ओरड रे माझ्या राजा," ती म्हणाली. "हवं तेवढं ओरड. उभा राहून ओरडतोयस ना!"