मामंजींचा बेवारशी कुत्रा

मी लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. पारनाक्याजवळच्या एका गल्लीत आमचं घर. यजमान सकाळी मुंबईला कचेरीत जात, ते दिवेलागणीला परत येत. दिवसभर घरात सासूबाई, मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणत असे. ते निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी चुका काढायची सवय सुटली नव्हती. तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून ते गावाच्या चुका काढत आणि अर्ज करून नगरपालिकेला कळवत.

अर्जांचा त्यांचा लाडका विषय म्हणजे भटकी कुत्री, आणि त्यातही आमच्या पायरीवर बसणारा तांबूस कुत्रा. सासूबाई त्याला रोज आमटीभात घालायच्या आणि मामंजी त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायचे. ‘सदर बेवारशी श्वान’ अशी सुरुवात ठरलेली. माझं अक्षर बरं, म्हणून स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे.

एका मंगळवारी सकाळी या अर्जांना यश आलं. जाळीची बैलगाडी गल्लीत शिरली. बरोबर लांब चिमटा घेतलेला एक म्हातारा आणि त्याचा जोडीदार. चाकांचा आवाज ऐकताच गल्लीतली सगळी कुत्री खाडीच्या दिशेने पसार झाली. आमचा तेवढा पायरीवर शेपटी हलवत बसून राहिला. पाहुणे आले असं त्याला वाटलं असावं. दोन मिनिटांत तो गाडीत होता.

“काम चोख केलंत हो!” मामंजी दारातून म्हणाले. मागे वळून पाहतात तर सासूबाई उभ्या.

त्या तडक आत निघून गेल्या. दुपारी पानं वाढली तेव्हा मला म्हणाल्या, “सूनबाई, आमटी हवी का विचार त्यांना.”

मामंजी हातभर अंतरावर बसले होते. “हवी म्हणून सांग,” ते म्हणाले.

“त्यांना सांग, आमटी कुत्र्यासाठी केली होती. कुत्रा नाही, तर आमटी नाही.”

मामंजींनी ताकभात खाल्ला आणि निमूटपणे कोट चढवला. सासूबाई मला म्हणाल्या, “तूही जा ग बरोबर. नाहीतर तिथे जाऊन आणखी एक तक्रार देऊन येतील.”

नगरपालिकेच्या कचेरीतला कारकून मामंजींचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली.

“या सर! सकाळी गाडी पाठवली होती. मिळाला ना तुमचा कुत्रा आमच्या माणसांना?”

“मिळाला. तो परत हवाय.”

कारकुनाने टाक खाली ठेवला. “पण सर, तो आपलाच आहे याला काही पुरावा?”

मामंजी माझ्याकडे बघू लागले. मी हळूच म्हटलं, “वर्णन यांच्याकडे आहे की. आपल्या अर्जांत.”

कारकुनाने जाडजूड फाईल काढली आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागला. “वर्ण तांबूस, डावा कान फाटका, शेपटी उजवीकडे वाकडी, पोस्टमनच्या अंगावर धावून जाण्याची खोड. सर, इतकं बारीक तर कोणी पोटच्या पोरालाही पाहत नाही. पण इथे ‘बेवारशी’ लिहिलंय.”

“तो शब्द खोडा.”

“कागदावर खाडाखोड करायची नाही, हे आपणच शिकवलंत.”

मग मामंजींनी नवा अर्ज लिहिला. सदर श्वान बेवारशी नसून माझ्या मालकीचे आहे, पूर्वी नजरचुकीने तसे लिहिले गेले. “नेमकी कोणत्या अर्जात नजरचूक झाली, सर?” कारकुनाने विचारलं.

“सगळ्याच,” मामंजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

कुत्र्याचा परवाना आणि त्याच्या गळ्यात बांधायचा पितळी बिल्ला घेऊन आम्ही पकडलेली कुत्री ठेवायच्या खाडीकाठच्या आवारात गेलो. सकाळचाच म्हातारा तिथे होता. त्याने परवाना उलटसुलट पाहिला.

“कागद ठीक हाय, मास्तर. पन हाक मारा त्याला. वलखला तर न्या.”

पिंजऱ्यात पंधरा-वीस कुत्री एका सुरात भुंकत होती. सासूबाई त्याला ‘बाळा’ म्हणायच्या. चार माणसांत ते म्हणणं मामंजींच्या जिवावर आलं. “अरे ए,” ते पुटपुटले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. दोनदा खाकरले. शेवटी चिडून हेडमास्तरी आवाजात ओरडले, “हाड!”

त्यासरशी आमचा कुत्रा गर्दीतून उसळला आणि जाळीला नाक लावून कमरेपासून शेपटी हलवायला लागला. रोज सकाळी दार उघडलं की मामंजींच्या तोंडून पहिला शब्द हाच निघायचा. बिचाऱ्याला ते आपलं नाव वाटत होतं. म्हाताऱ्याला हसू आवरेना. मला तर पदर तोंडात कोंबावा लागला.

दोरीला धरून कुत्र्याने मामंजींना घरी आणलं. कोट घातलेले मास्तर मागे धावताहेत हे पाहायला लोक ओट्यांवर आले होते. सासूबाई कुत्र्याला पोटाशी धरून म्हणाल्या, “दमलात का हो? पाणी देऊ?” हे मामंजींना होतं. दिवसभरातलं पहिलं सरळ वाक्य.

चार दिवसांनी पोस्टमन फाटकी विजार दाखवायला आला. “इतके दिवस भटकं जनावर म्हणून सोडून देत होतो, मास्तर. आता तुमचं आहे म्हणे.” तेव्हापासून टपालाच्या वेळी कुत्र्याचा पट्टा धरून ओट्यावर बसायचं काम मामंजींकडे आलं. पोस्टमनही मग घोटभर चहा घेऊन पुढे जायला लागला. कुत्रा मात्र त्याच्यावर शेवटपर्यंत गुरगुरत राहिला.

पुढे बरीच वर्षं तो जगला आणि एका थंडीत झोपेतच गेला. मामंजी आणि यजमान त्याला खाडीकाठी पुरून आले. मामंजींनी आंघोळ केली, पानावर बसले. “भात घालू का?” सासूबाईंनी विचारलं. ते नको म्हणाले, पण उठले मात्र नाहीत. सासूबाईही मग हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ येऊन बसल्या.