चेतल्याच्या भातगिरणीतलं चाक

कोलकात्यातल्या चेतला भागातल्या भातगिरणीचं ते प्रकरण काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या. त्या मानाने हे अगदीच किरकोळ. एक लोखंडी चाक गेलं होतं, बस्स!

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. सरकारने भातगिरणीतल्या मजुरांचा किमान रोज ठरवून दिला होता आणि तो आधीपेक्षा बराच जास्त होता. उकडलेलं भात अंगणात पसरून, पायांनी खालीवर करून वाळवायचं काम बायका करत. मालकाने हिशेब केला आणि भात वाळवायचं यंत्रच आणलं. निम्म्या बायकांना काढणार आणि उरलेल्यांना नवा रोज देणार, असं त्याने सांगूनही टाकलं. यंत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचं परातीएवढं दात्यांचं चाक नाहीसं झालं. दुसरं चाक विलायतेहून यायचं. मालक ठाण्यात फिर्याद द्यायला आला तो जवळजवळ रडतच.

"बडोबाबू, मी काय पाप केलंय? रोज सरकारने वाढवला, तांदळाचा भावही सरकारच ठरवतं. मधल्यामध्ये मी मरतोय." कोलकात्यात ठाण्याच्या प्रमुखाला सगळे बडोबाबूच म्हणतात.

माझ्या खबऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, हे युनियनवाल्या फिटरचं काम, माल हावड्याच्या भंगारवाल्यांकडे गेला. हा गृहस्थ पैसे घ्यायला कधी चुकायचा नाही, खबरीत मात्र हमखास चुकायचा. तरी शिपाई घेऊन हावड्याची दुकानं पालथी घातली. हाती काय, धुरळा! मग फिटरला ठाण्यात बसवून उलटसुलट विचारलं. तो वैतागून म्हणाला, "अहो, यंत्र चाललं तर माझा पगार वाढणार आहे. मी कशाला त्याचं चाक पळवू?" बोलण्यात तथ्य होतं. त्याला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या अंगणातच खुर्ची टाकून जबाब घ्यायला बसलो. ऊन नुसतं रणरणत होतं. सगळं भात पसरलेलं आणि कोपऱ्यातली एकच रास बांबूच्या झापाखाली झाकलेली. माझा जन्म याच शहरातला, भात वाळवणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलोय. असलं ऊन त्या फुकट घालवत नाहीत.

"ही रास कुणाची?"

बायका त्या राशीकडे न बघता पायांनी भात खालीवर करू लागल्या. त्यांची मुकादमीण पुढे आली, पिकल्या केसांची विधवा. "माझी," म्हणाली. रास उपसली तर तळाशी चाक.

पंचनामा होईपर्यंत ती शांत उभी होती. मला राहवेना. "मासी, मालक तुला तर ठेवणारच होता. मग हे नसते उद्योग कशाला?"

"सुनेला काढणार होते. मुलगा माझा कॉलऱ्याने गेला. आम्ही दोघी राबतो तेव्हा कुठे नातवंडांना भात मिळतो." मग ती मालकाकडे वळली. "बाबू, दोघींना जुन्याच रोजावर ठेवा. हवा तर अंगठा देते."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. ठरल्यापेक्षा कमी रोज देणं गुन्हा होता, मजुराने स्वतः हात जोडले तरी. ते मलाच तिला सांगावं लागलं. आयुष्यभर लोकांना कायदा समजावला, पण तेव्हाइतकी लाज कधी वाटली नाही.

"मग मला अटक करा आणि माझी जागा सुनेला द्या. तुरुंगात मला जेवायला मिळेलच की."

तोवर सुटकेसाठी गयावया करणारेच पाहिले होते. मी पंचनाम्याचा कागद बाजूला ठेवला. मालकही विरघळला. चाक माझ्याच आवारात सापडलं, चोरी झालीच नाही, असा जबाब त्याने लिहून दिला. आम्हा दोघांना वाटलं, केवढे उपकार केले! म्हातारी मात्र कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

"काय केलंत हे, बडोबाबू! आता एक तोंड वाढलं."

यंत्र सुरू झालं, निम्म्या बायका गेल्या. काही महिन्यांनी मी बायकोबरोबर कालीघाटला देवीच्या दर्शनाला गेलो. देवळाबाहेर भिक्षेकऱ्यांच्या रांगेत म्हातारी बसली होती. मी चपापलो.

"मासी, तू इथे?"

"जागा सुनेला दिली ना." मग जरा ताठ बसून म्हणाली, "तिला पूर्ण रोज मिळतो हं. एक पैसा कापत नाहीत."

माझ्या बायकोने तिच्या वाटीत मूठभर तांदूळ घातले.

तो कायदा चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. त्याआधी त्या बायकांच्या हातावर जे टेकवत, त्याला मजुरी म्हणणंही कठीण होतं. गिरणीत राहिलेल्यांच्या घरी त्या रोजाने दोन्ही वेळा चूल पेटू लागली, तेही मी पाहिलं. मजुरी वाढल्याची बातमी वाचली की आजही मला बरं वाटतं. आणि लगेच मनात येतं, कुणाची सासू कुठे जाऊन बसली असेल.