शुलामीथबाईंची दिवेलागण

लंडनच्या हॅरो उपनगरातल्या शुलामीथबाई झिराडकरांना ‘मार्कीज’ ही पदवी दिली ती पद्माकर नावाच्या दातांच्या डॉक्टरने. जुन्या पॅरिसमधल्या एका उमराव बाईच्या दिवाणखान्यात कवी आणि तत्त्वज्ञ जमत, असं त्याने कुठेसं वाचलं होतं. तिच्या दारात बग्ग्या थांबत. बाईंकडे मंडळी मेट्रोपॉलिटन लाइनच्या लोकलने येत. एवढा फरक सोडला तर पदवी ठीक होती.

बैठक सुरू झाली १९६४च्या नोव्हेंबरात. “शनिवारी दिवेलागणीला या,” असं बाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं. मुंबईत त्यांच्या वडिलांकडे हाच रिवाज. चांदण्या दिसून शब्बाथ, म्हणजे विस्तवही न पेटवण्याचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुटला की दिवा लागायचा, चहाचं आधण चढायचं आणि कुणीतरी वाचायला घ्यायचं. इंग्लंडचा हिवाळा या रिवाजावर मेहेरबान होता. दुपारचं जेवण जिरायच्या आत काळोख. मुलं मराठीला इंग्रजीत उत्तर देत, नवरा इलियास मुळातच कमी बोले. बाई आठवडाभर या एका संध्याकाळवर जगत.

मग जून आला. जूनमध्ये या देशात दिवेलागण होतच नाही म्हटलं तरी चालेल. मंडळी सवयीने सातला आली आणि लख्ख उन्हात, कोरड्या घशाने, एकमेकांकडे बघत बसली.

“बाई, गॅस मी पेटवते की,” डॉक्टर सुमेधा म्हणाली. “मला कसलं आलंय पाप?”

“पाहुणीला राबवून शब्बाथ मी पाळायचा होय? बस गप.”

“अहो, पण इथला सूर्य...”

“मग सूर्याला सांग.”

“सूर्य एनएचएसचा, इथल्या सरकारी दवाखान्यातला आहे,” पद्माकर म्हणाला. “वेटिंग लिस्ट मोठी आहे.”

सगळे हसले, बाईसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात मंडळी दोन गल्ल्या पलीकडे सुमेधाकडे चहा पिऊन येऊ लागली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कवितासुद्धा तिकडेच वाचून होऊ लागल्या. मग हिवाळा आला तरी पावलं तिकडेच वळत राहिली. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बाईंना निदान बोलायला तरी मिळालं असतं.

१९७१च्या जूनमध्ये बाईंनी एकेकाला फोन केला. “नक्की या हं”पासून सुरू झालेलं बोलणं शेवटच्या फोनला “एकदा तरी या रे” इथवर घसरलं होतं. शनिवारी सात वाजून गेले. ऊन गालिच्यावर ठाण मांडून बसलेलं, खुर्च्या रिकाम्या. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी काडी ओढली.

दारातून इलियासने ते पाहिलं. “शुला,” तो म्हणाला.

“ते येतील हो. चहा तयार नको का?”

इलियास वर निघून गेला.

आला तो एकटा पद्माकर. “अरे वा, उजेडात चहा! मला मात्र नको हं, सुमेधाकडे दोन कप झाले. बाकीचे तिकडेच अडकलेत. आपल्या शशिकांतची कथा लांबलीय.”

“मग तू वाच काहीतरी.”

“काही आणलं नाही हो.”

“पाठ असेल ते म्हण.”

“आता आठवत नाही, बाई.”

बाईंनी तरीही कप भरून त्याच्या हातात दिला. “मग नुसता बस,” त्या म्हणाल्या. “पण मराठीत बस.”

पद्माकर खुर्चीच्या कडेवर टेकला. त्याच्या हातातल्या चहावर साय धरली.