हारुकोचं ‘येस’

साल २०२३. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्या साली सास्तूरला आमच्या घरात एक जपानी बाई भाड्यानं राहायला आली. नाव हारुको. पहिल्याच सकाळी बघतो, तर बाई अनवाणी अंगणात येरझारा घालतेय आणि पुटपुटतेय, ‘‘अ हाऊस, द हाऊस. अ हाऊस, द हाऊस.’’ मला वाटलं, त्यांच्याकडचा जप असेल. मी खाकरलोसुद्धा नाही. मग सून म्हणाली, ‘‘मामा, इंग्रजी पाठ करतायत त्या.’’

इथल्या त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माणसं पक्कं घर सोडून कुठं झोपतात, हे बघायला ती आली होती. गाव हसायचं. शेजारचा दगडू म्हणायचा, ‘‘एवढ्या लांबून आली आन आमची वाकळ कुठं टाकली ते इचारती!’’ मला हसू आलं नाही. आमचं घर स्लॅबचं आहे, तरी त्या भूकंपापासून मी बाहेर पत्र्याखालीच झोपतो. पोराशी त्यावरून भांडून झालंय. का झोपता, असं विचारून उत्तर येईस्तोवर थांबली ती ही एकटीच.

मराठी तिला झटकन आली. म्हणायची, ‘‘आजोबा, तुमचं आमचं सारखं. काय केलं ते वाक्याच्या शेवटी सांगायचं. इंग्रजीत आधीच सांगावं लागतं. मी ठरवते तोवर समोरचा निघून जातो.’’ इंग्रजीत अडली की तळहात वर धरायची, ‘‘थांबा, वाक्य येतंय.’’

एकदा तिनं विचारलं, ‘‘तुमच्या आई ढिगाऱ्यात सापडल्या नाहीत?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो.

पेन खाली ठेवून ती कमरेतून वाकली. परत तो विषय काढला नाही.

हाच ‘व्हय’ इंग्रजीत चालत नव्हता. सून सुनंदा शाळेत इंग्रजी शिकवते. ती हारुकोची तयारी करून घ्यायची. चहा घेतला नाही का, असं इंग्रजीत विचारायची. हारुको म्हणायची, ‘‘येस.’’

‘‘नो! घेतला नाही ना? मग नो.’’

‘‘पण घेतला नाही, हे खरं आहे. म्हणून येस.’’

मला राहवेना. ‘‘बरोबर हाय तिचं. न्हाय घेतला न्हवं? मग व्हय!’’

‘‘मामा, तुम्ही मध्ये बोलू नका. त्यांचं बिघडतंय.’’

‘‘बिघडलंय ते विंग्रजीचं.’’

माझी शाळा दुसरीत सुटली, पण खरं कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको.

तिचं काम पुण्याच्या एका संस्थेकडून चालायचं. आणखी एक वर्ष द्यायचं का नाही, ते साहेब लोक फोनवर मुलाखत घेऊन ठरवणार होते. सगळं इंग्रजीत. काम निम्मंच झालेलं. हारुको म्हणाली, ‘‘वर्ष नाही मिळालं तर परत कधी येणार? तेव्हा विचारायला कोण असेल?’’ हे माझ्याकडं बघून म्हणाली. मला राग आला, पण खोटं काय बोलली ती?

मुलाखतीच्या दिवशी खोलीत दुसरं कुणी चालणार नव्हतं. फोन स्पीकरवर, मी आणि सुनंदा खिडकीबाहेर भिंतीला चिकटून उभे. आधी बरं चाललं होतं. दोनदा तळहात वर गेला, दोन्हीदा वाक्य आलं. सुनंदानं मूठ आवळून धरलेली. मग साहेबानं काहीतरी विचारलं आणि सुनंदाचा चेहराच उतरला. माझ्या कानाशी लागली, ‘‘विचारतायत, इथलं काम तुम्हाला थांबवायचं नाही ना?’’

सुनंदा ओठातल्या ओठात म्हणत होती, ‘‘नो म्हणा, नो म्हणा.’’

हारुको ताठ बसली आणि ठणकावून म्हणाली, ‘‘येस!’’

साहेब भराभर काहीतरी बोलला. तिला ते उमगलं नसावं. फोनपुढं वाकून थँक्यू म्हणाली आणि हसत बाहेर आली. सुनंदाचं तोंड बघितलं आणि तिथंच थांबली.

दुपारी निरोप आला. तुमच्या इच्छेप्रमाणे महिनाअखेर काम बंद करावं.

सुनंदा म्हणाली, ‘‘लगेच कळवू या, चूक झाली म्हणून.’’

‘‘नाही. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं. इंग्रजी माझं कच्चं. ती लाज माझी.’’

‘‘आन खरं काय ते?’’ मी म्हणालो. ‘‘ऱ्हायाचं हाय का न्हाय तुला?’’

‘‘राहायचं आहे, आजोबा.’’

‘‘मग सांग की त्यास्नी!’’

‘‘परत मागायला जीभ वळत नाही.’’

मी हट्टी म्हणून गावात नाव आहे, पण ही माझ्या वरताण निघाली. खोलीत गेली आणि कपडे घड्या करून बॅगेत भरायला लागली. जेवायलाही आली नाही.

सुनंदाकडून मी संस्थेचा पत्ता तोंडपाठ करून घेतला. ती म्हणाली, ‘‘मामा, तिथं जाऊन कुठल्या भाषेत बोलणार?’’

‘‘माझ्या. पुण्यात मराठी कळत न्हाय व्हय?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला, उमरग्याला गेलो आणि पुण्याच्या एसटीत बसलो.