शुक्रवारीच तयार झालेली बिअर

आमच्याकडे ज्वारीची बिअर चांगली लागते ती फक्त एक दिवस. आदल्या दिवशी प्याल तर पेज, दुसऱ्या दिवशी प्याल तर आंबट ढाण ताक. तो एक दिवस नेमका पाहुण्यांच्या दिवशी आणण्यात माझ्या सासूबाईंचा, नोगेसींचा, हात कुणी धरू शकत नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. आणि मी, नोफेझिले, अठरा वर्षं त्यांच्या मागे लाकडं वाहणारी सून, मनात म्हणायचे, यात एवढं काय मोठं? दिवस मोजता आले की झालं!

यंदा आमची नवी खोली बांधून झाली. तिथं झोपायच्या आधी पूर्वजांना कळवायचं, म्हणजे शनिवारी गावच्या वडीलधाऱ्यांना बिअर पाजायची. सासूबाई म्हणाल्या, "या वेळी तू कर गं. माझे खांदे गेले." मला आभाळ ठेंगणं झालं. दूर रुस्टेनबर्गच्या खाणीत कामाला असलेल्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, नळावरच्या बायकांना सांगितलं, चर्चमधल्या बायकांना तर दोनदा सांगितलं.

जवळच्या गात्याना गावच्या बाजारातून मोड आणून वाळवलेली ज्वारी आणली. मंगळवारी तिचा भरडा आणि मक्याचं पीठ भिजवलं, बुधवारी शिजवलं, गुरुवारी गार करून पिंपात ओतलं आणि वर आणखी भरडा घातला. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, म्हणून पिंपाला दोन घोंगड्या गुंडाळल्या. सासूबाई दारात उभ्या राहून नाक वर करून हुंगत होत्या.

"डोंगराकडनं वारा फिरतोय. दोन्ही घोंगड्या काढ."

"आई, माझं सगळं मोजलेलं आहे," मी म्हणाले. काय तो तोरा!

रात्री डोंगरावरून गरम वारा सुटला. मी मात्र ढाराढूर. शुक्रवारी सकाळी बघते तर फेस उतू जाऊन घोंगड्या चिंब. काडी पेटवून पिंपात धरली, ती फटकन विझली. म्हणजे तयार! एक दिवस आधी. उद्या गावाला आंबोण पाजायचं आणि जन्मभर ऐकून घ्यायचं. मी तिथंच बसून भोकाड पसरलं.

सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं. "झक्क झालीय."

"ओतून देऊ का हो?"

"ओतून देते म्हणे! ज्वारी तुझ्या बापानं पाठवली होती? गाळायला घे." आणि काठी घेऊन त्या बाहेर पडल्या.

अकराच्या सुमाराला म्हातारे एकेक करून यायला लागले. नव्या खोलीत पुरुष उजवीकडे बसले, आम्ही बायका डावीकडे. बिअरने भरलेले पत्र्याचे डबे हातोहात फिरले. सगळ्यांत वडील मकालिमा. त्यांनी मोठा घोट घेतला, मिशी पुसली.

"नोगेसी, सकाळी माझ्या दारात येऊन म्हणालीस, मी म्हातारी वार चुकले, बिअर आजच आहे. वार विसरलीस, पण हात नाही विसरला! अशी बिअर कित्येक वर्षांत प्यालो नाही."

खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. चूक आपल्या अंगावर घेतली ते ठीक, पण बिअरही यांचीच?

"पण आता पुरे," मकालिमा हसत म्हणाले. "एक दिवस पूर्वजांनाच भलत्या वारी बोलावशील. यापुढे सुनेला करू दे."

सगळे खो खो हसले. सासूबाईंनी खाली बघून मान हलवली. अठरा वर्षं मला नेमकं हेच हवं होतं. मी हातातला डबा खाली ठेवून त्यांच्याकडे सरकले.

"असं का केलंत?" मी कुजबुजले.

"माझे दिवस किती राहिलेत? तुला याच लोकांना अजून तीस वर्षं पाजायचंय. गप्प बस."

वडीलधाऱ्यांपुढे सुनेनं तोंड उघडायचं नसतं, आणि मी तर आजवर तिथं खोकलेसुद्धा नव्हते. पण उठले.

"बाबा, त्या नाही चुकल्या. बिअर मी केली. घोंगड्या काढ म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही."

मकालिमांचा डबा तोंडाशीच थांबला. मला वाटलं, आता पाठवतात मला माहेरी.

"मग पुढच्या वेळी कोण करणार?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी माझा घागरा ओढून मला खाली बसवलं. "तीच करेल," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसून शिव्या घालीन."